झाराच्या हळदीचा फोटो

रत्नागिरी,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय जैतून,

अस्सलामु अलैकुम. एक गडगा ओलांडला की तुझी पडवी, आणि मी तुला पत्र लिहितेय! हसशील. हस बाई, निदान तेवढं तरी कर. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, हाक मारली तर खिडकी लावून घेतेस, मग मी करू तरी काय?

इकडे ठीक आहे. आमचे हे, गुलाम रसूल, कुवेतला बरे आहेत, गुडघा तेवढा दुखतो म्हणाले. पोराला, अरीबला, बेंगलोरला नवी खोली मिळाली. माझ्या पांढऱ्या पडद्यामागे मांजर व्यालीय, म्हणून दोन दिवस पासपोर्टचे फोटो पडवीतल्या भिंतीसमोरच काढते. परवा पूर्णगडचे एक चाचा आले होते, उमऱ्याला चाललेत. फ्लॅश पडला की डोळे गच्च! अकरा फोटो झाले तेव्हा कुठे एकात उघडे सापडले. ते गेल्यावर तुला सांगायला म्हणून मी गडग्यापर्यंत आलेसुद्धा. मग आठवलं.

तुझी खिरीची ताटली अजून माझ्याकडेच आहे. रिकामी कशी पाठवू?

हा धंदा तुझ्यामुळेच उभा राहिला गो. यांनी कुवेतहून कॅमेरा आणला आणि मी हौस म्हणून कावळे नि वाळत घातलेले बांगडे टिपत बसायची. तूच म्हणालीस, "अगो, कावळे काय पैसे देणारेत? माणसांचे काढ." पहिली पांढरी चादर तुझी, पडवीवरचा बोर्ड तुझ्या अक्षरातला. आणि हेही तूच सुचवलंस की बायकांच्या कार्यात बाप्ये फोटोवाले चालत नाहीत, तिथे हफीजा चालेल. चालले की! बायका ओढण्या काढून, केस मोकळे सोडून माझ्यासमोर नाचल्या. का? तर मी जबान दिली होती, फोटो या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही.

आणि मग तुझ्या झाराची हळद. तो फोटो तुला ठाऊक आहे. पोरगी हळदीने माखलेली, केस सुटलेले, मान मागे टाकून खदाखदा हसतेय.

मी तुला सांगितलं की बोट लागलं, चुकून स्टेटसला गेला. खोटं होतं ते. खोटं, जैतून. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले आणि तासभर निवडून तो लावला. पुरुषांची नावं एकेक करून वगळली, माझ्या दिरांपासून टेम्पोवाल्या फैझानपर्यंत. बायका तेवढ्या ठेवल्या, म्हणजे झालं, असं मनाला समजावलं. पण आपल्याकडे 'खैरून भाभी' म्हणून घेतलेला नंबर खैरूनच्या नवऱ्याच्या खिशात वाजतो, हे मला नवीन का होतं? मीच तर रोज म्हणते, "जरा भाभीला द्या फोन." अशा किती भाभी! दुपारपर्यंत फोटो जेटीवर पोचला, आणि तिथून झाराच्या सासरी.

निकाहच्या दिवशी तिचा सासरा भर मांडवात म्हणाला, "सून आम्ही आधीच मोबाइलवर बघितली, सगळ्या बंदराने बघितली." तू मान खाली घालून उभी होतीस. मी चार हातांवर कॅमेरा घेऊन उभी होते. पुढे व्हायचं होतं, सांगायचं होतं की चूक माझी आहे, पोरीची नाही. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. स्टेटसपेक्षा ते मला जास्त खातं.

का लावला, ते पण सांगते. या घरात मी काढलेलं काही बघायला कोणी नाही गो. यांना फोटो पाठवला की अंगठा येतो. अरीबला पाठवला तर "जेवलीस का" येतं. त्या सकाळी पहिल्या तासात एकतीस जणींनी बघितला. "माशाअल्ला हफीजा, काय हात आहे!" मी मोजत बसले होते. लाज वाटते लिहायला, पण इतकी खूश मी किती वर्षांत झाले नव्हते. फक्त तू बघितला नाहीस. तू मागल्या दारी पाहुण्यांचं रांधत होतीस.

काल झाराच्या सासरी जाऊन आले. एसटीने, एकटी. सासऱ्याला सांगितलं, पोरीला काही माहीत नव्हतं, जबान मी मोडली. तिच्या सासूने पाणी दिलं. झारा दारापर्यंत आली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बोर्ड मी उतरवलाय. पासपोर्टचे काढीन, बायकांच्या कार्याला आता जाणार नाही.

ताटलीत सांदणं ठेवलीत, आणि रुमालात बांधून कॅमेऱ्यातलं हळदीच्या फोटोंचं मेमरी कार्ड. कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं, माझ्याकडे कॉपी नाही. त्यात एक फोटो तुझा आहे. गाणं चालू असताना तू एकदम माझ्याकडे वळून हसलीस, तेव्हाचा. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. ठेवून घ्यावा असं फार वाटलं. पण तोही त्या चार भिंतींतलाच. सकाळपासून कॉम्प्युटरवर तेवढाच ठेवून बघत होते, आता माझ्याकडचा तोही पुसला.

सांदणं गार होण्याआधी खा. ताटली गडग्यावर ठेवते.

आता जिच्याकडे तुझा एकही फोटो नाही, ती तुझी
हफीजा