बुजवलेल्या विहिरीवरचे दोरे

शनिवार, ५ नोव्हेंबर २०११

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमचे बिल्डर दिनानाथशेठ माझ्याशी खोटं बोलले. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण त्याच क्षणी त्यांनी घराची चावी माझ्या हातात ठेवली आणि मी सवयीने घड्याळ पाहिलं. मागच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक मधोमध खोलगट बसलेले दिसले, म्हणून मी विचारलं, इथे खाली पूर्वी काय होतं? शेठ म्हणाले, काही नाही मॅडम, कोरी जमीन, खाली अख्खा कातळ आहे. कातळ बशीसारखा खचत नाही. माझं सगळं आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत जमिनीचं पोट तपासण्यात गेलं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर त्यांनी जरा बरं खोटं शोधलं असतं.

पण घर छान आहे, हे कबूल करायला हवं. रो-हाउस, शेजार नावापुरता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. निवृत्तीनंतर दादर सोडून पनवेलला निघाले तेव्हा मैत्रिणींनी मला जवळजवळ श्रद्धांजली वाहिली. त्यांना म्हणावं, या आणि माझा ओटा बघा. पुढच्या आठवड्यात मागे लिंबाचं रोप लावणार.

गुरुवार, १० नोव्हेंबर

रोज दुपारी मागच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसते. भीक मागत नाही, बोलत नाही. आज तिला चहा द्यायला गेले. तिने कप घेतला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, तुमच्या लाद्यांच्या खाली आमचा विठू हाय. तुमी पाय जपून टाका."

सखूबाई तिचं नाव. जवळच्याच गावची, मिठागरावर राबलेलं घर. ही जमीन दिनानाथशेठांचं शेत होतं आणि माझ्या अंगणात त्यांची विहीर होती. तीन वर्षांपूर्वी ती बुजवली. त्यांच्या गावची रीत अशी की विहीर बुजवण्याआधी कुणीतरी खाली उतरून तिचा शेवटचा कलश भरून वर आणायचा, ते पाणी नव्या टाकीत ओतायचं. म्हणजे विहिरीतल्या आसरा, पाण्यातल्या देवी, रागावत नाहीत. कलश वर आला की मगच काठावर नारळ फोडायचा. सखूबाईचा मुलगा विठू उत्तम पोहणारा, म्हणून तो उतरला. वर मुहूर्त निसटत चालला होता. शेठना घाई झाली. त्यांनी नारळ फोडला.

डंपरवाले बाहेरचे होते. त्यांना एवढंच सांगितलं होतं, नारळ फुटला की माल ओता. तीन डंपर रांगेत उभे होते. तिघांनीही ओतला.

पुन्हा उकरायचं तर मुहूर्त गेला, आसरा खवळल्या, बांधकामाची परवानगीही अडकली. म्हणून जमलेल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की विठू पलीकडच्या पायऱ्यांनी वर आला आणि उरणला बंदरावर कामाला गेला. मग प्रसाद वाटला. पोलीस सखूबाईला म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, बायकोशी भांडून गेला असेल. तिची सून दमयंती तीन वर्षं ना सवाष्ण ना विधवा. हाडं नाहीत म्हणून दिवस करता येत नाहीत, दिवस केले नाहीत म्हणून पोरीची सुटका नाही. सखूबाईला दुसरं काही नको. हाडं हवीत.

भुतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बिल्डर काहीही करू शकतो, यावर मात्र बसला.

सोमवार, १४ नोव्हेंबर

भावेशला बोलावलं. एके काळी माझ्या हाताखाली शिकला, आता कळंबोलीत त्याचं स्वतःचं ऑफिस आहे. रस्ता खोदण्याआधी खालच्या केबल शोधून देतो. त्याने जमिनीत बघणारं रडार आणलं. चार चाकांचा गाडा, त्याच्या पोटाला नारिंगी पेटी, दांड्यावर पडदा. पेटी खाली लहरी सोडते, खाली काही निराळं लागलं की ती लहर परत येते.

आल्या आल्या त्याने गाडा ढकलायला सुरुवात केली. मी थांबवलं. आधी यंत्र तापू द्यायचं. मग जमिनीवर टेप अंथरून त्यावर गाडा फिरवायचा, म्हणजे चाकाला अंतर समजतं. मग या मातीत लहर किती वेगाने जाते ते यंत्राला सांगायचं. भावेशने कळंबोलीच्या कामाचाच आकडा ठेवला होता. मी म्हटलं, तुझा खाडीचा चिखल माझ्या अंगणात कशाला आणलास? खाऱ्या चिखलात लहर वीतभर जाऊन मरते. इथे कोरडा मुरूम भरलाय, इथे ती छान खोल जाते. गटाराच्या चेंबरमध्ये टेप सोडून पाइप किती खोल आहे ते मोजलं, आणि पडद्यावरचा पाइप तेवढाच खोल दिसेपर्यंत आकडा बदलत राहिलो. तेव्हा कुठे यंत्र खरं बोलायला लागलं. माणसांसाठी अशी सोय नाही.

अंगणभर अर्ध्या अर्ध्या मीटरवर दोरे ताणले, आधी उभे, मग आडवे. प्रत्येक दोऱ्यावरून गाडा न्यायचा, बघायला आलेल्यांसमोर चहाचा ट्रे नेणाऱ्या मुलीसारखा, सावकाश आणि न हिंदकळता.

खालची वस्तू पडद्यावर वस्तूसारखी दिसत नाही, कमानीसारखी दिसते. विहिरीचा गोल घेर स्वच्छ उमटला. घेराच्या मधोमध, पावणेतीन मीटरवर, एक कमान आहे. तिला लागून दुसरी लहान, प्रखर कमान, आणि त्या लहानीच्या खाली तिचेच पडसाद एकाखाली एक उमटलेत. असे पडसाद धातूचे असतात. तो कलश.

आडवा माणूस तीन-चार दोऱ्यांवर सापडला असता. हा एकाच जागी सापडतो. म्हणजे उभा आहे.

सखूबाईला पडदा दाखवला. तिने पदराने काच पुसली, जणू तोंड पुसतेय.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

शेठ आले. मी चित्र समोर धरलं. हसून म्हणाले, "मॅडम, ही काय सोनोग्राफी आहे? मुलगा की मुलगी ते पण सांगते का?" मग हसू आवरून म्हणाले, अंगण उकरलंत तर घराच्या पायाची जबाबदारी माझी नाही, आणि एकट्या बाईने गावाशी वाकडं घेऊ नये. मी म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नन्सनी वाढवलंय, पुरुष मोठ्याने बोलला की आम्हाला झोप येते.

नाक्यावरून खोदायला मजूर आणायला गेले. कुठलं घर, एवढं विचारतात आणि दुसरीकडे बघतात. सगळ्यांची रोजी शेठच्या साइटवर.

शनिवार, १९ नोव्हेंबर

पुन्हा पाहणी केली, पुरावा पक्का असावा म्हणून. कमान सव्वादोन मीटरवर आली आहे.

भावेश घाबरला. मी त्याला समजावलं की माती सुकली की लहर वेगाने जाते, म्हणून वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते. पुस्तकातलं उत्तर आहे. मग गटाराच्या पाइपावरून गाडा नेला. माती सुकली असेल तर पाइपही वर दिसायला हवा.

पाइप होता तिथेच आहे.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

दीड मीटर. चाक पुन्हा तपासलं, बॅटरी बदलली. दीडच.

आज भर दुपारी मी आणखी एक परीक्षा घेतली. चाकाची मोजणी बंद करून गाडा विहिरीच्या मधोमध उभा ठेवला. गाडा हलत नसेल आणि खालीही काही हलत नसेल, तर पडद्यावर सरळ रेघा उमटत जातात, शाळेच्या वहीसारख्या. घराच्या पुढच्या बाजूला तशाच उमटल्या. मागे आणल्यावर रेघा वर गेल्या, खाली आल्या, वर गेल्या. एका लयीत. झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या.

हायवेवरच्या ट्रकचा हादरा असेल म्हणून ट्रक नसताना पाहिलं. पाण्याचा पंप बंद केला. तेच.

भावेश म्हणाला, मॅडम, मला कळंबोलीत अर्जंट काम आहे. यंत्र ठेवून गेला. इंजिनीअर आहे म्हणे.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

कमान विहिरीच्या घेरात नाही. विहिरीच्या दगडी बांधणीतून ती बाहेर कशी पडली, मला माहीत नाही. ती आता स्वयंपाकघराच्या दाराकडे येणाऱ्या दोऱ्याखाली आहे. दोऱ्याच्या अगदी नेमकी खाली, टेपने आखल्यासारखी.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

मी बाई शास्त्राची आहे. घाबरायच्या आधी तपासते. आज नवा दोरा लावला, दारापासून उलट्या दिशेला, लिंबाच्या रोपापर्यंत. त्यावरून गाडा एकदाच नेला.

शनिवार, २६ नोव्हेंबर

तो लिंबाच्या खाली आहे. रोप मुळासकट वर आलंय.

मी वरून लहर सोडते ती त्याला हाकेसारखी जाते. ज्या दोऱ्यावरून हाक, त्या दोऱ्याने तो येतो. तीन वर्षांत त्याला हाक मारणारी मीच पहिली.

सखूबाईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. म्हणाली, दोरा आमच्या घरापर्यंत लावा बाई, दमयंती वाट बघते. मग तिने जमिनीला कान लावला. खूप वेळ लावून होती. उठली तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तो मना हाक मारत नाय, बाई. नारल कोनी फोरला, तेच इचारतंय."

तिने ओणवं होऊन त्याला सांगितलं, दिनानाथने फोडला. पुन्हा कान लावला. मान हलवली. तिचं उत्तर त्याला चालत नाही.

ती आज भिंतीपाशी बसली नाही. घरी गेली.

सोमवार, २८ नोव्हेंबर

बाजारात गेले होते. तेवढ्यात शेठनी मिक्सर पाठवला. अख्ख्या अंगणावर काँक्रीट. विहीर, दोरे, लिंबाचा खड्डा, सगळं सपाट. मुकादम म्हणाला, शेठची भेट आहे, मेंटेनन्स. लिंबाच्या जागी काँक्रीट ओलं होतं आणि मधोमध हळूच फुगत होतं. मुकादमाने पाहिलं. थापी टाकून गेला.

काँक्रीट घट्ट झालं. आता त्याला वर यायला मोकळी अशी एकच जमीन उरली.

माझ्या स्वयंपाकघराची.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

गाडा घरात आणला. ढकलला नाही, फक्त उभा ठेवला. पाऊण मीटर. रेघा वर, खाली. लय वाढली आहे —

भावेशला फोन केला. उचलत नाही.

सखूबाईच्या घरी गेले. दमयंतीने दार उघडलं. कपाळ मोकळं, गळा मोकळा. म्हणाली, सासूबाईंनी काल माझं कुंकू पुसलं, हाडांची वाट आता बघायची नाय म्हणाल्या. जे खाली हाय ते आमचं नाय, शेठचं हाय.

बुधवार, ३० नोव्हेंबर

ओट्यासमोरची फरशी कोमट आहे. मी तिच्यावर उभी राहून नारळ कोणी फोडला ते त्याला सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. तीनदा. कमान तेवढीच वर.

माझ्या तोंडून नको आहे त्याला. ज्याने फोडला त्याचंच —

यंत्र बंद केलं. तरी फरशी —

गुरुवार, १ डिसेंबर

कमान पडद्यावर दिसत नाही. सगळ्यात वरच्या रेघेत मिसळली. ती रेघ म्हणजे जमीन.

पत्राचा मजकूर इथेच लिहिते, नंतर उतरवून पाठवीन.

श्री. दिनानाथ यांस. विठू विहिरीत असताना नारळ कोणी फोडला, याचं उत्तर आपण स्वतःच्या हस्ताक्षरात, सहीनिशी द्यावं. गावाने ठरवलेलं उत्तर नको. हसून दिलेलं नको. शनिवार, दि. ३ डिसेंबर, सकाळी अकराच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. मी ते फरशीवर ठेवीन, त्याला वाचता येत असेल अशी आशा आहे. उत्तर आलं नाही तर माझ्या दारापासून आपल्या दारापर्यंत दोरा लावीन आणि त्यावरून गाडा आणीन. माझ्या अंगात तेवढा जोर आहे. आपल्या बंगल्याखाली कातळ आहे असं आपण सांगाल, पण आपण सांगितलेला कातळ मी पाहिला आहे. रस्ता सरळ आहे, देवळापाशी एकच वळण —

फरशी उचलली गेली. थोडीच. बोटभर.

उत्तर लेखी हवं. तोंडी चालणार नाही. तो इथे ओट्याशी थांबलाय, मी त्याला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, मी मुदत दिली आहे, त्याने ऐकलं बहुतेक, पण माझा पाय त्याने — लेखी, दिनानाथशेठ, अकराच्या —