बोट पडलं की आवाज

बेंगळुरू

तीर्थरूप अप्पा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून लिहायलोय. मी बरा हाय, काम नीट चाललंय, जेवणाचे बी हाल न्हाईत. अक्का फोनवर म्हणाली, तुमचा उजवा हात अजून तुणतुण्यावर चालेना. तेलाची मालीश रोज व्हायलीय का?

गिटारचा आवाज मोठा करणारी ती जड पेटी बसमधून कामून आणायलास, म्हणून तुम्ही चिडला होता. आता पेटी न्हाईच. तिचा आवाज काढणारं ॲप मोबाईलवर मिळतंय. गिटार वायरीनं मोबाईलला जोडायची, आन् मोबाईल आपल्या भोंग्याला.

तीन ॲप बघितली. पहिल्यात बोट तारेवर पडल्यावर आवाज जरा मागून यायलाय. खोलीतला दोस्त म्हणला, "एवढं कुणाला कळतंय?" मी म्हणलं, "आमच्या अप्पाला कळतंय." दुसऱ्यात चुकलं तरी गोडच वाजायलंय, ते बी काढून टाकलं. तिसरं साधं हाय. बोट पडलं की आवाज, चुकलं की चूक. तेच ठेवलंय.

तवा मल्लण्णा देवाच्या जागरणाला यंदा दुसऱ्या कुणाला वाजवायला बोलवू नका. गाणं तुमचं, वाजवणं माझं. आईला सांगा, भंडारा गिटारला लाव, मोबाईलला नको.

लहानपणी दिमडीवर माझा ठेका सुटला की तुम्ही गाणं थांबवून नुसतं माझ्याकडं बघत होता. यंदा चुकलो तर तसंच बघा.

तुमचाच,
योगीराज