धागा तुटलेलाच नाही

११ नोव्हें.
सुनंदा, मी सांगते ते लिही, पण तारीख टाक आधी. मागे विसरली, अन् माही दिवाळी कोणत्या महिन्यात झाली ते वाचताना तुलेच सांगता आलं नाही. सून लिहिती-वाचती मिळाली, ध्यान मात्र चाळणीचं.

नात आली पुण्याहून. मिनू. नोकरी शाबूत, तब्येत डॉक्टर म्हणे चांगली. तरी बेसा वस्तीतल्या या फ्लॅटमधी खोलीतून खोलीत फिरून राहिली. "काही झालं नाही आजी, पण काहीतरी होईन असं वाटते." मी म्हटलं, ताप यायच्या आधीच काढा पिऊन राहिली तू. हसली. मग चहा तसाच ठेवून पुन्हा दुसऱ्या खोलीत गेली.

१३ नोव्हें.
जन्म हातमागावर गेला माहा. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची. बाकी काय असते? म्हणून शोधायले बसले. साहेब रागावला? नाही. घरमालकीण? नाही. कोणी पोरगा? "नाही वं आजी." बापाच्या बीपीचं टेन्शन? त्यावर बापाच्या खोलीकडे पाहिलं तिनं. वाटलं, सापडलं.

१५ नोव्हें.
सापडलं कुठचं. सकाळपासून बापाच्या मागे बीपीचं मशीन घेऊन. दुपारी मले, "साहेब खरंच नाराज असन का?" सारे माह्याच तोंडचे प्रश्न. टोक शोधता शोधता चांगला ताणा, मागावरचा उभा धागाच, मीच तोडून ठेवला.
लिही वं, पेन काहून थांबला? पोरगी तुही आहे, माहीत आहे मले.

१८ नोव्हें.
मिनू समुपदेशनवाल्या बाईकडे जाऊन आली. बाईनं सांगितलं म्हणे, काळजीले धरायले काहीतरी लागते. ही धाकधूक मात्र बिनकारणाची अंगात येते, मग डोकं तिच्यासाठी कारणं शोधते. कारण सापडलं की ती आणखी वाढते. "अन् तू तर मले कारणं आणून देऊन राहिली होती." रागानं नाही म्हणाली. म्हणूनच लागलं.
मग करू काय? "काही नको. बस माह्याजवळ."
बसले. गाठीची सवय हाताले, मांडीवर नुसते पडून. तिचं काही कमी झालं नाही.

२२ नोव्हें.
गेली परत. "इथंही तेच, तिथंही तेच. मग कामच करते." पोचल्याचा फोन आला, सारं ठीक. तरी माह्या छातीत सकाळपासून... ही काळजी का ती बिनकारणाची धाकधूक, कोण सांगन.
परवा शेजारचा पुण्याले जाऊन राहिला. त्याच्याजवळ मिनूसाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा दे, तिखट बेतानं, शेंगदाणे जास्त. डबा लहान घे. मोठा पाहिला तर संपवायचा कसा, तेच डोक्यात घेऊन बसन पोरगी. अन् खाल्ला का म्हणून विचारू नको. मलेही विचारू देऊ नको.