तेलकट चादर

दि. ५ मे

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? सासूबाईंना नव्या चष्म्यातून दिसतं ना? इकडे तुझ्या वहिनीचे गुडघे बरे आहेत, डोकं तेवढं तापलेलं आहे. त्याचं कारण अंगणात उभं आहे.

मी जुना ट्रॅक्टर घेतला. माझ्याहून दहाच वर्षांनी लहान. विकणाऱ्यानं शेडमधून मागे घेऊन दाखवला, इंजिनाच्या आवाजाला मी भुललो आणि पुढे घेऊन दाखव म्हणायचं सुचलंच नाही. पुढचा एकही गिअर टिकत नाही. चार कोस मान वळवून उलटा हाकत आणला. बघणाऱ्यांना वाटलं, मी परत करायलाच निघालोय. मान अजून सरळ होत नाही.

वहिनीनं बजावलंय की पेरणीच्या आत हा सरळ चालला तर ठीक, नाहीतर हा भंगारात आणि शेत दुसऱ्याला कसायला. म्हणजे उरलेलं आयुष्य मी ओट्यावर बसून काढायचं. तू गॅरेजवाली बहीण असून माझी ही दशा व्हावी? ताबडतोब ये.

तुझा,
दादा


दि. १४ मे

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघाले ती काल घरी पोचले. वहिनीच्या हातचं खाऊन दोन दिवसांत कंबर विसरले. गिअरपेटीतलं एक चक्र पार झिजलंय, ते सोबत आणून इथल्या लेथवाल्याकडे नवं करायला टाकलं. बाकी चक्रं आणि चकत्या तुमच्या पडवीत जुन्या चादरीवर काढल्या त्याच क्रमानं मांडल्यात. कोणालाही हात लावू देऊ नकोस. मान शेकत जा.

तुझी,
धाकटी


दि. १९ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं कोणालाही हात लावू दिला नाही. सगळं मी एकट्यानं केलं. पडवीत तो पसारा बघवेना. चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस मी! एकूण एक भाग रॉकेलनं धुतला, लहान-मोठं बघून डब्यांत लावला, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता आंधळ्यालाही सापडेल.

चादर मात्र तशीच पडलीय. वहिनी म्हणते, ज्यानं तेलकट केली त्यानं धुवावी. मी म्हटलं, धाकटीनं केली. ती म्हणाली, धाकटीला कोणी बोलावलं? या बाईशी कोण बोलणार? पुढच्या रविवारी मीच धुवीन.

तुझा,
दादा


दि. २३ मे

दादा,

नमस्कार कसला! अरे, कुठलं चक्र कुठल्या चकतीशेजारी, हे त्या मांडणीवरूनच कळणार होतं. एकवीस भाग आहेत. त्या गिअरपेटीचं चित्र कुठल्या पुस्तकातही मिळत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तुझा तर ट्रॅक्टरच रिकामा झाला. गॅरेज सोडून मला एक जूनला एकच दिवस येता येईल. अंदाजानं लावत बसले तर महिना जाईल. चूक माझीच. कोणालाही हात लावू देऊ नकोस म्हणताना, तूही लावू नकोस, असं लिहायला हवं होतं.

तुझी,
धाकटी


दि. २७ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं आणि तोंड लपवायला चादर बादलीत घालायला निघालो. तिनं ती हातातून ओढली आणि अंगणात पसरली. बघतो तर प्रत्येक भागाचा तेलाचा डाग जिथल्या तिथे! दात्यांचे ठसेसुद्धा. दुपारभर दोघं गुडघ्यांवर बसून डागावर भाग ठेवत होतो. एकवीस डाग भरायचे, त्यातला एक तू उचलून नेलेल्या चक्राचा, तो रिकामा ठेवला. तरी आणखी एक उरला. तासभर शोधलं. शेवटी ती चकती तुझ्या पत्रांवर वजन म्हणून ठेवलेली सापडली. वहिनी काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

आता चादरीपाशी मलाही मनाई आहे. तू ये.

तुझा,
दादा


दि. ५ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

एक तारखेला सगळं बसवून संध्याकाळच्या गाडीनं तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर नांगरासकट पुढे निघाला. पुढे, धाकटे! पहिलं तास मी धरलं. माझे डोळे भरून आले, म्हणून नांगराची रेघ जरा वाकडी गेली. ते वाकडं तास बघून वहिनी म्हणाली, उतरा, मी बघते. तेव्हापासून ती वर आहे. तीन दिवस मी तिच्या मागून ढेकळं फोडत आणि चहा पोचवत फिरतोय. शेत आपणच पेरणार, हे ठरलं. मला चालवायला कधी मिळणार, ते काही ठरेना. विचारलं तर म्हणते, आधी चादर धुवा.

ती तुझं ऐकते. माझी बाजू घेऊन चार ओळी तिला लिही, आणि पेरणी उरकायच्या आत लिही. वाट बघतोय.

तुझा,
दादा