वाहत्या होडीला बांधलेली तांबडी चिंधी

प्रति,
मा. नौका-निरीक्षण अधिकारी,
खाडीकिनारा विभाग, पनवेल.

विषय : सेंट ऑर्वन बेटावर अडकून पडलेल्या प्रितम काशिराम नाखवा याच्यासाठी किनाऱ्यावरील रिवाजाचा दाखला मिळणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ३ नोव्हेंबर २०२५ चे नकारपत्र.

महोदय,

१. अर्जदार हा प्रितमचा सख्खा मामा असून करंजाडे येथे राहतो. पहिले दोन अर्ज त्याने विनयाने लिहिले. विनयाचा साठा त्यातच संपला, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

२. प्रितम हा मालवाहू जहाजावरील खलाशी. जहाज सदर बेटाच्या बंदरात असताना एक रिकामी होडी दोर तुटून खुल्या समुद्राकडे वाहत निघालेली त्याने पाहिली. त्याने ती ओढून आणली, धक्क्याला बांधली आणि बापजाद्यांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या पुढच्या टोकाला तांबडी चिंधी बांधली. तिचा अर्थ उरणच्या किनाऱ्यावर शेंबडे पोरही सांगेल : होडी सापडली आहे, मालकाने यावे, गाठ स्वतःच्या हाताने सोडावी आणि होडी न्यावी. बेटावरील मालकाने अर्थ लावला, की परक्याने होडीवर आपल्या मालकीची निशाणी चढवली.

३. बेट एवढे लहान, की न्यायाधीश एकच. सकाळी ते फौजदारी खटले ऐकतात, दुपारी त्याच खुर्चीत दिवाणी. सकाळी त्यांनी निकाल दिला, की चोरीचा हेतू दिसत नाही, सबब प्रितम निर्दोष. दुपारी मालकाच्या दाव्यात आदेश दिला, की चिंधी हा रिवाज आहे असे प्रितमच्या किनाऱ्यावरील अधिकाऱ्याने २४ नोव्हेंबरपर्यंत लिहून दिल्यास दावा फेटाळू. तोवर त्याने बेट सोडू नये. जहाज त्याला मागे टाकून निघून गेले. परक्या मुलखातील न्यायाधीशाने एक ओळ मागितली आहे. ती आपल्या लेखणीत अडली आहे.

४. आपल्या पत्रातील कारणे पाहू. रिवाजाची कार्यालयात नोंद नाही. वाऱ्याची तरी कुठे आहे? तो वाहतोच. पुढे, चोरीच्या आरोपीस दाखला देता येत नाही. निर्दोष सुटल्याचा निकाल पहिल्याच अर्जास जोडला होता. त्यावर कुणीतरी चहाचा पेला ठेवल्याचे वर्तुळ परत आलेल्या प्रतीवर स्पष्ट आहे. आणि कळस म्हणजे, प्रितमने समक्ष हजर राहावे. तो हजर राहू शकला असता, तर दाखला हवा होता कशाला?

५. अर्जदाराची बहीण दमयंती, म्हणजे प्रितमची आई, कार्यालयात आली असता लिपिकाने तिला ऐकवले, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, एवढं तरी पोराला शिकवायचं." मासळीबाजारात भल्याभल्यांची तोंडे बंद करणारी ही बाई तेथून उठून निघाली. जिन्यावर आल्यावर एवढेच म्हणाली, "दादा, वाहती होरी बगून गप बसनारा पोर मी वाढवला नाय."

६. आता आपल्याविषयी. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर आपल्याच कार्यालयाची गस्ती नौका दोर तुटून वाहत गेली. प्रितमच्या बापाने, काशिरामने, ती आणून उरणजवळील करंजाच्या धक्क्याला बांधली व दमयंतीच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी तिला लावली. आपण ती चिंधी दुरून पाहिलीत आणि कुणालाही न विचारता थेट तेथे आलात. अर्जदार तेथेच उभा होता. रिवाज ठाऊक नसलेला मनुष्य गाठ कापतो. आपण ती दोन्ही हातांनी सोडलीत आणि चिंधीची घडी करून काशिरामच्या हाती दिलीत.

७. सबब, आपल्या हातांनी जे केले ते आपल्या लेखणीने लिहून द्यावे. असा रिवाज नाहीच, असे आपले ठाम मत असल्यास शासकीय नौका पळवून तिच्यावर निशाणी चढवल्याबद्दल काशिरामविरुद्ध आजच चोरीची फिर्याद द्यावी. अर्जदार साक्ष देईल. काशिरामची हरकत नाही. तो म्हणतो, "मंग बाप-लेक निदान एकाच गुन्यात तरी असू."

आपल्या दाराबाहेरील बाकावरून न उठणारा,
धनेश पांडुरंग तांडेल
करंजाडे, पनवेल
दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत :
(अ) फौजदारी निकाल, नवी प्रत
(आ) दिवाणी आदेशाची प्रत
(इ) सदर तांबडी चिंधी; घडी आपलीच, मोडलेली नाही
(ई) काशिराम नाखवा, समक्ष