मामाला श्रद्धांजली

३ फेब्रुवारी

नाही म्हणायला शिकलं पाहिजे! मेळाव्याची कार्यवाह कोण — तर वाचनालयातली बाई, म्हणजे मी. का? तर म्हणे तिला वेळ असतो. जंगलपट्ट्यातले लेखक, चित्रकार, लाकडावर कोरीवकाम करणारे, गाणारे, सगळ्यांचा एकत्र मेळावा. आणि प्रत्येकाचा तोरा असा, की बाकीच्यांनी केवळ टाळ्या वाजवायला जन्म घेतलाय.

आज सबंध संध्याकाळ एकाच विषयावर बैठक — मंचावर खुर्च्या किती? अध्यक्षांची लाकडाची वखार आहे. ते म्हणाले, "वाढवा हो खुर्च्या, लाकूड घरचंच आहे!" वाढवत वाढवत आता अशी वेळ आलीय की सगळे मंचावर आणि खाली ऐकायला मी एकटी.

एक बरं झालं. दिवंगतांचं दालन आणि श्रद्धांजलीचं भाषण प्राध्यापकांनी आपणहून अंगावर घेतलं. म्हातारा खडूस आहे, पण काम चोख करतो. तेवढी एक कटकट माझ्या डोक्यावरून गेली.

७ फेब्रुवारी

जिवंत लेखकांना प्रत्येकी तीन मिनिटं, असं ठरलं. त्यावरून रुसवेफुगवे. एक कवी म्हणाला, "तीन मिनिटांत मी फक्त चष्मा लावतो." लाव बाबा, तेवढंच ऐकू आम्ही!

मामाचं नाव सुचवायचं फार मनात होतं. नाही सुचवलं. त्याने आधीच दम दिलाय — "माझं नाव घेतलंस तर तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही." जंगलावरचं त्याचं एकच पुस्तक. इथे त्या तोडीचं दुसरं कुणी लिहिलेलं नाही, हे मी भाची म्हणून नाही, वाचनालय सांभाळते म्हणून सांगते. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. त्याच्या पुस्तकाबद्दल कुणीतरी, एकदा तरी, चारचौघांत चांगलं बोलावं आणि ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं — मला एवढंच हवंय. पण ते पुस्तक आलं तेव्हा प्राध्यापकांनी, त्याच्या जिवलग मित्राने, पेपरात त्याची सालटी काढली. तेव्हापासून मामाने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, जुन्या वननाक्याजवळ जाऊन राहिला. दोघांत एक शब्द नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

१२ फेब्रुवारी

हात टेकले! हात, पाय, डोकं, सगळं टेकलं!

पेंटरच्या दुकानात फलक बघायला गेले. भिंतीला दिवंगतांचा मोठा फलक टेकवून ठेवलेला. शेवटून दुसरा फोटो — मामा! तरुण, दाट केसांचा, हसणारा. खाली पुस्तकाचं नाव. वर — 'ज्यांची उणीव सदैव जाणवेल'.

"अहो, हा माझा मामा आहे! जिवंत आहे! रविवारी माझ्याकडे पोटभर जेवून गेलाय!"

पेंटरने फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "छापून झालंय हो, ताई."

अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी आधी फलकाचा खर्च विचारला. मग म्हणाले, "त्यांची स्वतःची काही हरकत आहे का, तेवढं विचारून घ्या." कपाळावर हात मारला. मग प्राध्यापकांना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "हं" म्हणाले, आणि फोन ठेवला. हं! माणूस जिवंतपणी मारलात आणि वर हं!

१३ फेब्रुवारी

मामाकडे गेले. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. ऐकून तो इतका हसला की खोकला लागला. पाणी दिलं तर पाणी नाकातून आलं.

"जिवंत असतो तर किती मिनिटं मिळाली असती?"

"तीन."

"आणि मेलेल्याला?"

"सगळ्यांना मिळून अर्धा तास. प्राध्यापक बोलणार आहेत."

हसणं थांबलं. उठला, चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे केलं. मग म्हणाला, "राहू दे फोटो."

"मामा, लोक काय म्हणतील!"

"तेच तर ऐकायचंय. मागे कुठेतरी खुर्ची ठेव माझ्यासाठी."

मी चिडले, रडकुंडीला आले, हातापाया पडले. म्हणाला, "मेलेल्या माणसाशी भांडू नये, पोरी."

१५ फेब्रुवारी

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फलक काढावा तर मामा रुसणार, ठेवावा तर माझी शोभा. नवरा विचारतो, "मामांना कुठल्या रांगेत बसवणार — दिवंगतांच्या नातेवाइकांच्या?" घरात एक विदूषक होताच, आता त्याला विषयही मिळाला.

१८ फेब्रुवारी

झाला एकदाचा मेळावा. अंग मोडून आलंय, पण आजचं आजच लिहिते.

सकाळी मंच खुर्च्यांनी इतका भरला की ध्वनिक्षेपक ठेवायला जागा नाही. कवीने खरंच चष्मा लावण्यात वेळ घालवला. कोरीवकामाच्या दालनात अध्यक्ष प्रत्येक मूर्तीपुढे उभं राहून लाकूड कुठल्या झाडाचं ते सांगत होते. मूर्ती कुणाची, कुणी घडवली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मामा दुपारी आला. पांढरी दाढी, कानटोपी. कुणी ओळखलं नाही. आधी जाऊन स्वतःच्या फोटोसमोर उभा राहिला. फोटोत त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, हाताचा धनी कापून टाकलेला. बराच वेळ बघत होता. मी म्हटलं, "मामा, चल आता." म्हणाला, "थांब, दर्शन घेऊ दे."

मग शेवटच्या रांगेत बसला. दिवंगतांसाठी दोन मिनिटं शांतता. मामाही उभा राहिला! शेजारचा माणूस मोबाइल बघत होता, तर त्याला कोपराने ढोसलं — "मेलेल्यांचा तरी मान ठेव." मला हसू आणि धडकी एकदमच.

प्राध्यापक बोलायला उठले. किती वाळलेत! पोडियमला धरून उभे. बाकीच्या दिवंगतांवर भराभर बोलले, जन्मगाव, पुस्तकं, निधन. मग मामाचं नाव घेतलं.

म्हणाले, "याच्या पुस्तकावर मी लिहिलं होतं, की या लेखकाला झाडं दिसतात, माणसं दिसत नाहीत. ते खोटं होतं. पुस्तक वाचून मी रात्रभर तळमळलो होतो. तेच जंगल मीही पाहत होतो, त्याच्याबरोबर हिंडत होतो. मला एक ओळ तशी सुचली नाही. मत्सराने लिहिलं मी ते. आणि त्याने माझं ऐकलं हो! जगात कुणाचं नाही, नेमकं माझं ऐकलं." मग त्या पुस्तकातलं एक पानच्या पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. सभागृह चिडीचूप. मंचावरचे सुद्धा गप्प!

मी मागे वळून पाहिलं. मामा कानटोपीने डोळे पुसत होता. मला वाटलं, आता उठेल, पुढे जाईल. उठला, आणि दाराबाहेर निघून गेला! शेवटची बस पकडायची होती म्हणे.

२० फेब्रुवारी

पेंटरकडे मंचामागचे रंगवलेले पडदे परत करायला गेले. त्याच्यावर अजून राग होताच, बोलून घेतलं. तर तो म्हणतो, "ताई, मी विचारलं होतं सरांना. म्हटलं, हे अजून आहेत ना? नाक्याजवळ दिसतात की. तर सर म्हणाले, माहीत आहे. तू छाप."

माहीत आहे! म्हणजे मी इकडे फोनवर फोन करतेय, लाजेने मान वर करत नाहीये, आणि या माणसाला सगळं माहीत होतं! समोर जाऊन "चुकलं" म्हणता येत नाही म्हणून मित्राला मारून, माझा मेळावा वेठीला धरून माफी मागितली. आणि दुसरा ती ऐकून पळून गेला. दोन म्हातारे, आणि अक्कल मिळून एकाचीही नाही.

२२ फेब्रुवारी

मामाला फैलावर घेतलं. इतकी कधी बोलले नव्हते. "तो तुझ्यासाठी भर सभेत नाक घासतो आणि तू बस पकडतोस?" तो उठला. मग कोट घातला, वरचं बटण खाली, खालचं वर. "चल, त्याच्याकडे सोड मला."

प्राध्यापकांच्या दारात सोडून आले. आतून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता. हुश्श! बरं वाटलं ऐकून.

२३ फेब्रुवारी

मामा सकाळी परत आला. चहा घेतला नाही. म्हणाला, पुढच्या मेळाव्यात प्राध्यापकांवर त्याने बोलायचं, असं ठरलंय. मी म्हटलं, "म्हणजे यांचाही फोटो लावायचा? पुन्हा तोच तमाशा? मी नाही हं यंदासारखी —"

"मीही तेच म्हटलं त्याला," मामा म्हणाला. "पुढच्या वर्षी कशाला, आत्ता बोलतो, ऐक. तर म्हणाला, नको. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी फलक खोटा ठरणार नाही."