ओळीचं शेवटचं झाड

आबा, आज दुपारी प्रयोगशाळेत माझी चिप खोटी ठरली. माझ्या दहावीच्या निकालाआधीच तुम्ही गेलात, त्यामुळे हे माझं काम तुम्ही कधी पाहिलंच नाही. बोटाएवढी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यात केसाएवढ्या नळ्या. एका टोकाला पाण्याचा थेंब टाकायचा. तो सरकत दुसऱ्या टोकाच्या औषधाला भिडतो आणि पाण्यात खतातलं नायट्रेट जास्त असलं, तर तिथे गुलाबी रंग येतो. तुम्ही म्हणाला असता, "ही तर आपली ठिबकच की गं, लई बारकी."

त्या ठिबकचाच एक दिवस आठवतोय. मी आठवीत आहे. टोमॅटोला पाणी सोडून तुम्ही मला ओळी बघायला पाठवता. मी बांधावरूनच ओरडते, "समदं चालू हाय!" चार दिवसांनी एका ओळीची शेवटची झाडं माना टाकतात. तुम्ही नळीचं टोक उघडता, तर आत गाळाचा बोळा. "मोटर वाजत व्हती म्हणून पाणी पोचलं व्हय? शेवटच्या झाडापाशी जाऊन बघायचं."

गेल्या रविवारी पिंपळवंडीत आपल्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी तपासलं. सगळे जमले होते. रंग आला नाही. काका म्हणाले, "घ्या राव, पोरीनं पाणी पास केलं!" सगळे हसले, मीही फुलले. शेजारच्या वहिनींनी कडेवरचं तान्हं सावरत विचारलं, "याच्या पावडरच्या दुधाला हेच पाणी चालंल ना, ताई?" मी म्हणाले, "बिनधास्त."

पाणी नळीच्या शेवटापर्यंत पोचलं का, हे मी पाहिलंच नव्हतं. आज मोठ्या यंत्रावर, बाटलीत भरून आणलेल्या त्याच पाण्यात नायट्रेट भरपूर निघालं. तान्ह्या बाळाला ते बाधतं आणि उकळूनही जात नाही. चिप भिंगाखाली धरली, तर नळीत मध्येच गाळ. गाळून घ्यायचं पाणी मी घाईत तसंच टाकलं होतं.

मी लगेच फोन केला, पण आईला. "विहिरीचं पिऊ नको." ती म्हणाली, "अन् शेजारची?" मी म्हणाले, "येते, मग सांगते." आता आळेफाट्याच्या स्टँडवर बसून वहीत हे लिहितेय. वस्तीकडची एक गाडी मघाशी जाऊ दिली.

आबा, वहिनींचा नंबर माझ्याकडे आहे. दुपारपासून आहे. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ठाऊक होतं. तो फोन लावायला उशीर व्हावा, म्हणूनच लिहायला घेतलं.